सलाईनमधलं झाड आणि डबीतली कॅप्सूल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंच्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या दोन लसिका गाठींत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, सोयाबीनमधलं जेनिस्टीन ही संयुगं कॅन्सर पसरू देत नाहीत, असं तुमच्या वाचनात आलं. त्यांच्या कॅप्सूल केमोसोबत द्याव्यात का, आणि या संशोधनात खरंच किती दम आहे?

वनस्पतींतून औषधं शोधण्याच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. निम्मी प्रयोगशाळेत, निम्मी रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये. त्यामुळे या विषयाबद्दल मला प्रेमही आहे आणि चिडही. दोन्ही खाली दिसेल.

आधी एक गोष्ट, जी बहुधा तुम्हाला कुणी सांगितली नसेल. आईंच्या शिरेतून थेंब थेंब जातं ते झाडच आहे. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या, वाढायला फार वेळ घेणाऱ्या झाडाची साल गोळा केली गेली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातलं क्रियाशील संयुग वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच हे पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीत नेमकं काय करतं हे कळायला १९७९ उजाडलं. पेशी विभागताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभारते आणि काम झालं की मोडते. हे संयुग तो सांगाडा मोडूच देत नाही, असं सुसान हॉरविट्झ यांनी दाखवलं. परवानगी मिळाली १९९२ मध्ये. म्हणजे सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं. मध्यंतरी एक वेगळंच संकट होतं: शंभर वर्षांच्या एका झाडाची सगळी साल सोलली तर जेमतेम एक डोस निघायचा, आणि झाड मरायचं. पुढे युरोपातल्या यूच्या पानांतून एक जवळचा रेणू काढून त्यावरून औषध बनवता येऊ लागलं, तेव्हा कुठे ते झाड वाचलं.

ही गोष्ट सांगण्याचं कारण वेगळं आहे. शस्त्रक्रियेनंतर दिसणारी गाठ शरीरात उरलेली नसते. मग केमो कशाला देतात? आधीच निसटून कुठेतरी लपलेल्या, कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशींसाठी. हे उपचार म्हणजेच पसरण्याविरुद्धचे उपचार. आणि इथे वनस्पतीजन्य औषधाच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. २०१२ मध्ये १२३ चाचण्यांतल्या सुमारे एक लाख स्त्रियांची माहिती एकत्र करून जे विश्लेषण झालं, त्यात पॅक्लिटॅक्सेलच्या कुळातली औषधं जोडल्यावर आजार उलटण्याचं आणि त्यानं मृत्यू येण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. ‘वनस्पतीतलं काही कॅन्सरचं पसरणं रोखतं का’ या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर आईंना दर आठवड्याला मिळतंच आहे.

आता कॅप्सूलकडे वळू. त्यासाठी ‘पसरणं’ म्हणजे काय ते थोडं उलगडावं लागेल.

गाठीतली पेशी आधी शेजारणींचा हात सोडते, भोवतालचं अस्तर विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळवून वाट काढते, रक्तात किंवा लसिकेत उतरते, तिथल्या धक्क्यांतून आणि प्रतिकारशक्तीच्या तावडीतून वाचते, दुसऱ्या अवयवात बाहेर पडते आणि तिथे मूळ धरते. यातला शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड. रक्तात उतरलेल्या बहुसंख्य पेशी मरतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दुय्यम गाठी कुठेही वाटेल तशा पडत नाहीत, काही अवयवांतच जास्त धरतात, हे त्याला दिसलं. त्याची उपमा बी आणि जमिनीची. बी सगळीकडे उडतं, रुजतं मानवेल त्या मातीत. सव्वाशे वर्षांनंतरही आम्ही त्या उपमेतच बोलतो.

तुम्ही वाचलेल्या बातम्यांतले बहुतेक प्रयोग पहिल्या दोन टप्प्यांवर बेतलेले असतात: अमुक संयुगानं पेशींची हालचाल मंदावली, तमुक विकर कमी झालं. पण निदान होतं तेव्हा काही पेशी अनेकदा निघून गेलेल्या असतात. आईंच्या काखेतल्या गाठी हाच त्याचा पुरावा. घोडं पळाल्यावर तबेल्याला कडी घालून काय मिळणार? हा धडा आमच्या क्षेत्रानं महागात घेतला आहे. अस्तर विरघळवणाऱ्या विकरांना रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधं खास त्यासाठीच घडवलेली होती. प्राण्यांमध्ये चमकली, पण रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत पडली. कारणं एकाहून जास्त होती, पण बराच उशिरा दिलेलं औषध हे त्यातलं एक. आता कर्क्युमिन किंवा ईजीसीजी ‘एमएमपी-९ कमी करतं’, म्हणजे अस्तर विरघळवणारं असंच एक विकर कमी करतं, असं कुणी उत्साहानं सांगितलं की मला तीच औषधं आठवतात.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसं, तेही पाहा. प्लेटच्या तळाशी पेशींची एकसंध चादर वाढवायची, पिपेटच्या पिवळ्या टोकानं तिच्यावर सरळ ओरखडा काढायचा, सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि फोटो घ्यायचा. चोवीस तासांनी पुन्हा फोटो. साध्या प्लेटमध्ये दोन्ही काठांवरून पेशी सरकत येतात आणि फट बुजते. संयुग घातलेल्या प्लेटमध्ये फट उघडीच राहते. शोधनिबंधात हे दोन फोटो शेजारी लावले की वाचणारा हरखतो. माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीनं असेच देखणे फोटो आणले होते. मी तिला दोन्ही प्लेटमधल्या पेशी मोजायला सांगितल्या. संयुगाच्या प्लेटमध्ये निम्म्याही उरल्या नव्हत्या. पेशी चालायच्या थांबल्या नव्हत्या, मेल्या होत्या, आणि मेलेली पेशी फट बुजवत नाही. पेशी मरणार नाहीत इतका डोस खाली आणला तेव्हा दोन्ही फोटो सारखेच आले. तिचे तीन महिने गेले, पण ती फार चांगली संशोधक झाली.

कर्क्युमिनची आणखी एक खोड आहे. ते स्वतःच गडद पिवळं आहे आणि प्रकाश टाकला की चमकतं. रंग किंवा चमक मोजणाऱ्या कितीतरी चाचण्यांत त्यामुळे आकडा वर किंवा खाली सरकतो, आणि परिणाम झाला असं वाटत राहतं. शिवाय ते अस्थिर असल्यामुळे मोडून समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. औषध शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याच्या या सगळ्या खोड्यांची सविस्तर झाडाझडती घेतली. त्याच्या नावावर हजारो शोधनिबंध आहेत, त्यातले काही गाजलेले नंतर मागेही घ्यावे लागले.

तरी समजा, प्रयोग निर्दोष आहे. मग एक साधं गणित करा. प्रयोगात कर्क्युमिनची मात्रा साधारण २० मायक्रोमोलर असते. त्याचा रेणूभार ३६८. म्हणजे दर मिलिलिटर द्रवात सुमारे ७,४०० नॅनोग्रॅम. आता माणसाकडे या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडानं देऊन पाहिलं, म्हणजे मोठ्या कॅप्सूलचा ढीग. रक्तात सापडलं दर मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम, तेही यकृतानं दुसरे रेणू जोडून बाहेर टाकण्यासाठी तयार ठेवलेल्या रूपात. प्रयोगातल्या मात्रेच्या जवळपास दोनशे ते तीनशे पट कमी. त्या चाचणीत मूल्यमापन झालेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत काहीसा परिणाम दिसला.

यावर कॅप्सूलवाल्यांचं उत्तर ठरलेलं: त्यात मिऱ्यातलं पायपरीन घातलंय, शोषण वीसपट वाढतं. वीसपटीचा तो आकडा १९९८ च्या एका छोट्या अभ्यासातला आहे, खोटा नाही. पण पायपरीन हे करतं कसं? आतड्यातली आणि यकृतातली विल्हेवाटीची यंत्रणा अडवून. त्या यंत्रणेतलं सीवायपी ३ए४ हे विकर पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट लावण्यातही भाग घेतं. म्हणजे कर्क्युमिन रक्तात टिकावं म्हणून जी मोरी तुंबवायची, त्याच मोरीतून आईंचं केमो बाहेर जायचं आहे. शिवाय हळदीच्या तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, बऱ्याच वेळा पायपरीन घातलेल्या. आणि केमो चालू असताना यकृताचे आकडे बिघडले, तर दोष कॅप्सूलचा की औषधाचा हे कळेपर्यंत डोस पुढे ढकलावा लागतो. जेवणात पडते त्या हळदीबद्दल मी हे म्हणत नाही, तिला माझी काही हरकत नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावा लपवणं बरं नाही, म्हणून हेही सांगते. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या १५० स्त्रियांवर एक नीट आखलेली चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पॅक्लिटॅक्सेलसोबत कर्क्युमिन दिलं, निम्म्यांना नुसत्या द्रावाची जोड. कर्क्युमिनच्या गटात गाठी आकसण्याचं प्रमाण जास्त होतं. मला ती चाचणी रोचक वाटते. पण तिथे कर्क्युमिन शिरेतून दिलं होतं, आठवड्याला ३०० मिलिग्रॅम, देखरेखीखाली. वर केलेलं गणित तोंडाच्या वाटेचं आहे, शिरेतून ते बदलतं. म्हणून या चाचणीच्या जोरावर कॅप्सूल विकणं म्हणजे विमानाच्या वेगाचा दाखला देऊन सायकल विकणं. आणि शिरेतून घेणं हा काही घरगुती किंवा खाजगीत करायचा प्रकार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत असं कर्क्युमिन टोचून घेतलेल्या एका स्त्रीचा मृत्यू झाला. नंतर तपासलेल्या त्या द्रावात कर्क्युमिन अगदी थोडं आणि विद्रावक अशुद्ध निघालं.

जेनिस्टीनची कथा मला जास्त भावते, कारण तिथे पसरण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं वेगळा काढलेला आहे. २००८ मध्ये उंदरांत माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी रुजवल्या, खाद्यातून जेनिस्टीन दिलं. मूळ गाठ जेवढी वाढायची तेवढीच वाढली, पण फुप्फुसातल्या दुय्यम गाठी ९६ टक्क्यांनी घटल्या. उंदरांच्या रक्तातली मात्रा माणसाला आहारातून मिळू शकेल एवढीच होती. मी हा निबंध वाचला तेव्हा खुर्चीतून उठले होते. मग २०११ मध्ये दुसऱ्या गटानं रुग्णाच्या गाठीतून थेट घेतलेल्या पेशी वापरून उंदरांवर प्रयोग केला, आणि तिथे जेनिस्टीननं लसिका गाठींतलं पसरणं वाढवलं. संयुग तेच, आजाराचं नाव तेच, निकाल उलटा. कुठल्या रुग्णाची गाठ पहिल्या जातीची आणि कुणाची दुसऱ्या, हे कॅप्सूलच्या डबीवर लिहिलेलं नसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर आणखी पेच आहे, कारण जेनिस्टीन इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं. आईंच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असेल, म्हणजे गाठीत हे ग्राहक सापडले असतील, तर जेवणातल्या सोयाबीनची धास्ती नको, पण एकवटलेल्या कॅप्सूल नकोत.

मग या क्षेत्रात खरोखर आशा कुठे आहे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणचं लक्ष्य पळणारं घोडं नाही.

पहिलं डिजॉक्सिन. फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचा उपयोग विल्यम विदरिंगनं १७८५ मध्ये लिहून ठेवला, आणि त्याच कुळातल्या झाडापासून मिळणारं डिजॉक्सिन आजही हृदयाच्या आजारात वापरतात. कॅन्सरशी त्याचा संबंध आला तो असा. रक्तात काही कॅन्सरपेशी एकट्या फिरतात, तर काही दोन-चार-दहाच्या पुंजक्यांनी. पुंजक्यांत नवीन गाठ धरण्याची ताकद एकट्या पेशीपेक्षा २३ ते ५० पट जास्त असते, हे २०१४ मध्ये उंदरांत दिसलं. मग संशोधकांनी आधीच वापरात असलेली किंवा मंजूर असलेली २,४८६ संयुगं चाळली: पुंजके कोण फोडतं? वर आली ती फॉक्सग्लोव्हच्या जातीची संयुगं. ती पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात, आत कॅल्शियम साचतं आणि पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी पकड सुटते. पेशी मारायचीच असं नाही, तिची टोळी फोडायची. २०२५ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या नऊ स्त्रियांना हृदयरोगात देतात तेवढ्याच मात्रेत डिजॉक्सिन दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पुंजक्यांचा आकार सरासरी दोनेक पेशींनी घटला. नऊच रुग्ण, आणि मोजलं ते पुंजके. आयुष्य वाढतं का, नव्या गाठी थांबतात का, हे त्या चाचणीत पाहिलेलंच नाही. डिजॉक्सिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत जेमतेम वीतभर अंतर, चुकलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा हे वाचून कुणी फॉक्सग्लोव्हची पानं उकळू नयेत. पण विचार म्हणून मला हा कर्क्युमिनच्या हजार निबंधांपेक्षा मोलाचा वाटतो. लक्ष्य नेमकं आहे, रक्तात पोचणारी मात्रा ठाऊक आहे, आणि मोजलं ते माणसात.

दुसरं सिलिबिनिन, मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं. फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरतो तेव्हा मेंदूतल्याच ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्या गाठीभोवती जमतात आणि तिला सांभाळतात. स्पेनमधल्या गटानं दाखवलं की या ॲस्ट्रोसाइटमधला स्टॅट-३ हा संदेश बंद केला की गाठ टिकत नाही. सिलिबिनिन तो संदेश दाबतं. २०१८ च्या त्यांच्या अहवालात मेंदूत गाठी असलेल्या १८ रुग्णांना ते दिलं, आणि बहुतेकांच्या मेंदूतल्या गाठी आकसल्या. इतर अवयवांतल्या गाठींना मात्र फरक पडला नाही. ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. बी तेच राहिलं, माती बदलली. तुलना तेव्हा जुन्या रुग्णांच्या नोंदींशी होती, म्हणून आता चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी हाती घेतली आहे. तिच्या निकालाची मी वाट बघते आहे.

अशा चाचण्या इतक्या कमी का, असं तुम्हाला वाटेल. नव्या औषधाचं यश बहुधा गाठ किती आकसली यावर मोजतात. पसरणं रोखणारं औषध गाठ आकसवेलच असं नाही. जेनिस्टीनचे ते पहिले उंदीर आठवा. त्याची परीक्षा घ्यायची तर शस्त्रक्रिया झालेले शेकडो-हजारो रुग्ण घेऊन वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ज्या रेणूचं पेटंट मिळणं कठीण, त्यासाठी एवढा पैसा कोण घालणार? हा अन्याय आहे खरा. पण परीक्षा झाली नाही म्हणून उमेदवार पास ठरत नाही.

राहिला मुद्दा ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा, कारण या सगळ्या डब्यांवर तो मोठ्या अक्षरांत असतो. रक्तात उतरलेल्या कॅन्सरपेशीला ऑक्सिडेशनचा ताणही फार छळतो. त्यात पुष्कळ मरतात. २०१५ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या उंदरांना अँटिऑक्सिडंट दिलं तर पसरणं वाढलं, असं दोन स्वतंत्र गटांना दिसलं. वाळवंटात तहानेनं मरणाऱ्या शत्रूला आपणच पाणी नेऊन द्यायचं. माणसांतला दाखला त्याहून जुना आहे. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गाजरातलं बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपात दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आईंच्या परिस्थितीशी सगळ्यात जवळचा अभ्यास २०२० चा: स्तनाच्या कॅन्सरच्या १,१३४ रुग्ण, औषधांत पॅक्लिटॅक्सेलही. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरकं घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आकडा संख्याशास्त्राच्या काठावरचा आहे, त्यावरून शपथ घेता येणार नाही. पण ‘फायदा नाही तर निदान तोटा तरी नाही’ हे वाक्य मी त्यानंतर म्हणत नाही.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल दोनच ओळी. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाला ईजीसीजी रासायनिकदृष्ट्या मिठी मारतं आणि ते निकामी करतं, हे २००९ मध्ये दिसलं. आईंना ते औषध नाही, पण एकवटलेला अर्क यकृतालाही त्रास देऊ शकतो. चहाचा कप वेगळा, कित्येक कपांची एक गोळी वेगळी.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: केमो चालू असेपर्यंत तिन्हींपैकी एकही कॅप्सूल देऊ नका. आधीच सुरू केली असेल तर घाबरू नका, लपवू मात्र नका. पुढच्या डोसाला जाताना डबी पिशवीत टाकून न्या आणि रक्ततपासणीचे आकडे बघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नुसतं नाव सांगू नका, कारण पायपरीनसारख्या गोष्टी मागच्या बारीक अक्षरांत असतात. त्याच वेळी आईंना विचारा, ब्लाउजचे हुक लावताना बोटं बधिर वाटतात का, पायांना मुंग्या येतात का. पॅक्लिटॅक्सेलनं नसांना त्रास होतो, तो लवकर कळला तर डोस बदलता येतो, आणि पुष्कळ आया ‘एवढं काय सांगायचं’ म्हणून तो शेवटच्या डोसापर्यंत गिळून बसतात.